सोलापुरात राहून ऑनलाइन एम.कॉम. : तीन सेमिस्टर झाली, विचारणाऱ्यांसाठी लिहितेय

पूर्वभागातली | 6 जानेवारी, रात्री 11:20

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्याभरात ओळखीतल्या चौघींनी मला एकच प्रश्न विचारला, "तुझ्या त्या ऑनलाइन डिग्रीला किंमत आहे का गं?" चौघींना फोनवर अर्धा अर्धा तास सांगितलं. आता जानेवारीचे प्रवेश चालू आहेत, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते. कुणाला उपयोग झाला तर बरं वाटेल.

माझं वय 39. बी.कॉम. 2008 चं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघते, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा. घर विडी घरकुलकडे. दोन मुलं, नवरा, सासूबाई. सासूबाई अजून विड्या वळतात. कॉलेजात जाऊन एम.कॉम. करायचं म्हणजे नोकरी सोडायची, ते शक्य नव्हतं. म्हणून दीड वर्षापूर्वी ऑनलाइन प्रवेश घेतला.

आधी मान्यतेचं. सगळ्यांची भीती तीच आहे आणि खरं तर दहा मिनिटांत मिटणारी आहे. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, 2020 ची नियमावली आहे, मुक्त-दूरस्थ आणि ऑनलाइन दोन्हींसाठी. 2 सप्टेंबर 2022 ला यूजीसीने स्पष्ट पत्रक काढलं की मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी ही नेहमीच्या कॉलेजातल्या पदवीच्या बरोबरीची धरायची. पण "विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे" एवढ्यावर थांबू नका. यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या, म्हणजे डीईबीच्या, साइटवर जाऊन चार गोष्टी जुळवा: विद्यापीठ, नेमका कोर्स, ऑनलाइन की दूरस्थ, आणि तुम्ही ज्या सत्राला प्रवेश घेताय ते सत्र. एकाच विद्यापीठाच्या एम.ए.ला परवानगी असते आणि एमबीएला नसते, असं होऊ शकतं. चारही जुळलं तरच पैसे भरा.

आता जे कुणी सांगत नाही ते. माझा कोर्स 80 क्रेडिटचा आहे. एका क्रेडिटला 30 तासांचा अभ्यास धरतात. म्हणजे 2400 तास. दोन वर्षांचे 104 आठवडे, आठवड्याला 23 तास. प्रवेश घेताना मला हा हिशेब कुणी दाखवला नाही, आणि मी अकाउंट्सची असून मीही केला नाही. माझे प्रत्यक्षात 13-14 तास होतात. परीक्षेआधीच्या महिन्यात 20.

हे तास कुठून येतात ते सांगते. रात्री जेवणं झाली की नऊ ते साडेदहा. सासूबाई मांडीवर सूप घेऊन बसतात, मी त्यांच्या बाजूला घडीचं टेबल उघडते. त्या पत्र्याचं माप लावून पान कापतात, कात्रीचा कच कच आवाज चालू असतो आणि माझ्या एका कानात सरांचं लेक्चर. पहिल्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "किती पानं झाली तुझी?" मी म्हटलं अकरा. त्या म्हणाल्या, "माझी चारशे वळून झाली." तेव्हापासून रोज झोपताना आम्ही एकमेकींचा हिशेब विचारतो. त्यांनी हा प्रश्न विचारायचं सोडलं असतं तर मी दुसऱ्या सेमिस्टरलाच सोडून दिलं असतं, हे मी अगदी मनापासून लिहितेय.

म्हणून विचारणाऱ्या प्रत्येकीला मी एकच सांगते. डिग्रीची किंमत साइटवर तपासता येते. घरात दीड तास आणि एक टेबल मिळणार आहे का, ते मात्र प्रवेशाआधी घरच्यांशी बोलून ठरवा.

बाकी विचारा, जेवढं माहीत आहे तेवढं सांगेन.

---

होटगीरोडकर | 7 जानेवारी, सकाळी 8:05

ताई, फार चांगलं लिहिलंत. आमच्या घरातली एक गोष्ट सांगतो, कुणी तरी वाचेल.

माझ्या चुलतभावाला एका एजंटाने गाठलं. ऑफिस शहरातच, बोर्ड झकास, भिंतीवर दहा-बारा विद्यापीठांचे लोगो. "दोन वर्षांची डिग्री एका वर्षात देतो, मागच्या सत्राचा प्रवेश दाखवतो, परीक्षेचं टेन्शन घ्यायचं नाही." 45 हजार घेतले, निम्मे रोख. मार्कशीट आली. पुढे नोकरीच्या ठिकाणी कागदपत्रं पडताळणीला गेली तेव्हा विद्यापीठाने कळवलं की असा विद्यार्थी आमच्याकडे नाही. नोकरी गेलीच, पण पोरगं सहा महिने घराबाहेर पडलं नाही. काकांनी कर्ज काढून दिलेले पैसे होते ते.

---

पूर्वभागातली | 7 जानेवारी, दुपारी 1:40

दादा, वाचून पोटात कालवलं. भावाचं वय काय आहे? पुन्हा प्रवेश घेता येतो, त्याला नक्की सांगा.

सगळ्यांसाठी: दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणात फ्रँचायझी चालवायला यूजीसीने बंदी घातलेली आहे. ऑनलाइन कोर्सला तर गावात "सेंटर" लागतच नाही. प्रवेश विद्यापीठाच्या साइटवर, फी विद्यापीठाच्या खात्यावर, पावती विद्यापीठाची. मधे कुणी बसलेला दिसला की उठून यायचं. तीन वर्षांच्या पदवीनंतर पी.जी.ला दोन वर्षं म्हणजे दोनच वर्षं, मागच्या तारखेचा प्रवेश ही फसवणूकच.

आणि हप्त्यावर फी भरताना सही कशावर करताय ते वाचा. पुष्कळदा तो विद्यापीठाचा हप्ता नसतो, तुमच्या नावावर काढलेलं कर्ज असतं. कोर्स सोडला तरी ते चालूच राहतं.

---

बार्शीची_बाई | 7 जानेवारी, रात्री 9:52

मी प्राथमिक शिक्षिका आहे. मुलांच्या अडचणी रोज बघते, म्हणून एम.ए. मानसशास्त्र करून समुपदेशनाकडे वळायचं मनात आहे. ऑनलाइन कुठलं चांगलं? घरी सासू-सासरे आजारी आहेत, बार्शी सोडून रोज कुठे जाता येणार नाही.

---

ग्रंथपाल | 7 जानेवारी, रात्री 10:30

बाई, वाईट बातमी देतोय पण आत्ता कळलेली बरी. मानसशास्त्र आता ऑनलाइन किंवा दूरस्थ करता येत नाही. 2021 च्या आरोग्य व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याखाली जे विषय येतात त्यांचे नवे प्रवेश जुलै-ऑगस्ट 2025 च्या सत्रापासून या पद्धतीने बंद केले आहेत. मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, अन्न व पोषण, जैवतंत्रज्ञान ही नावं त्यात आहेत. कुणी "आमच्याकडे आहे" म्हणून जाहिरात करत असेल तर फसू नका.

इंजिनिअरिंग, वैद्यकीय, फार्मसी, नर्सिंग, वास्तुशास्त्र, कायदा हे तर आधीपासूनच नाहीत. पीएच.डी.सुद्धा नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये यूजीसी आणि तंत्रशिक्षण परिषदेने (एआयसीटीई) मिळून जाहीर केलं होतं की ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या एडटेक कंपन्या परदेशी विद्यापीठांशी हातमिळवणी करून जी ऑनलाइन पीएच.डी. देतात ती मान्य नाही. तरी आमच्याकडे दर महिन्याला कुणी ना कुणी तो माहितीपत्रकाचा कागद घेऊन येतंच.

तुम्हाला शिक्षणशास्त्राचं एम.ए. चालेल का बघा. समुपदेशकाचा शिक्का त्याने मिळणार नाही, पण मुलं कशी शिकतात हा विषय त्यात पुष्कळ खोल आहे.

---

बार्शीची_बाई | 7 जानेवारी, रात्री 10:48

सर, धन्यवाद. मी परवाच एका ठिकाणी नोंदणीचे दोन हजार भरणार होते. उद्या शाळेतून आल्यावर शिक्षणशास्त्राचा अभ्यासक्रम काढून बघते.

---

जुनंसोलापूर | 8 जानेवारी, सकाळी 7:15

माझं मत वेगळं आहे, राग मानू नये. मी निवृत्त प्राध्यापक. पस्तीस वर्षं वर्गात उभा राहिलो. एम.ए., एम.कॉम. म्हणजे नुसती पुस्तकं नव्हेत. शिक्षकाच्या चेहऱ्याकडे बघून मुलाला कळतं की आपण चुकलो. दोन तासांच्या मधल्या वेळात चहावर जे वाद होतात त्यातून विषय अंगात मुरतो. पडद्यावर काय मिळणार? मुलं परीक्षेच्या आठवड्यात नोट्स मागत फिरतात, पास होतात आणि विसरतात. कागद बरोबरीचा आहे हे मान्य, शिक्षण बरोबरीचं आहे का?

---

पद्मनगर | 8 जानेवारी, सकाळी 9:33

सर, तुमचा मान राखून सांगतो. आमचे वडील मागावर होते. घरात तेलुगू. 1982 मध्ये हैदराबादला आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ निघालं, देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ. तिकडच्या नातेवाइकांकडून बाबांना कळलं. त्यांनी तिकडे नाव घातलं आणि दिवसा माग, रात्री पुस्तक करून बी.ए. केलं. पोस्टाने पुस्तकं यायची. परीक्षेला रात्रीच्या गाडीने हैदराबाद, पेपर देऊन परत रात्रीच्या गाडीने सोलापूर. त्यांना वर्ग कुणी नाकारला नव्हता, पण वर्गात जायला वेळ कुणी दिलाही नव्हता. मी आज बँकेत आहे तो त्या पुस्तकांमुळे. ती अजून कपाटात आहेत. समासात पेन्सिलीने तेलुगूत अर्थ लिहिलेले.

नाशिकचं मुक्त विद्यापीठ 1989 चं. त्याआधी मराठी माणसाला स्वतःच्या भाषेत असं शिकायची सोय कुठे होती?

---

जुनंसोलापूर | 8 जानेवारी, सकाळी 10:02

आपल्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

---

पूर्वभागातली | 8 जानेवारी, रात्री 11:05

सर, तुमचं म्हणणं अर्धं मला मान्य आहे. मला वर्गाची उणीव भासते. लाइव्ह लेक्चर शनिवारी-रविवारी असतं, सत्तर-ऐंशी नावं दिसतात आणि बोलतात चौघंच. शंका चर्चेच्या पानावर टाकली की उत्तर दोन दिवसांनी येतं, तोवर डोक्यातून धागा सुटलेला असतो.

पण एक अनुभव सांगते. बी.कॉम.ला मी प्रोसेस कॉस्टिंग, म्हणजे टप्प्याटप्प्याने बनणाऱ्या मालाचा खर्च काढणं, पाठ केलं होतं. नॉर्मल लॉस, अबनॉर्मल लॉस, व्याख्या लिहायची आणि मार्क घ्यायचे. आता तोच विषय पुन्हा आला तेव्हा मी रोज कारखान्यात बसत होते. ताणा लावताना, कापताना जे सूत जातं ते जाणारच, त्याचा खर्च चांगल्या टॉवेलवर पडतो. पण मधेच लाइट गेली, डाईंगची बॅच बिघडली, सगळा लॉट रंगाच्या छटेत नापास झाला, तर ते वेगळं. तो तोटा मालाच्या किमतीत घालायचा नसतो, नफा-तोट्याला सरळ दाखवायचा असतो. आमच्याकडे कित्येक वर्षं दोन्ही एकाच "वेस्टेज"खाली जात होतं. त्यामुळे टॉवेलची किंमत फुगलेली दिसायची आणि ऑर्डर घेताना मालक भाव कमी करायला घाबरायचे. मी तीन महिन्यांचे आकडे वेगळे काढून मालकांपुढे ठेवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे आधी का नाही केलं आपण?" एप्रिलपासून रंगात रिजेक्ट झालेल्या मालाचं रजिस्टर वेगळं ठेवतोय.

हे मला वर्गात बसून वयाच्या एकविसाव्या वर्षी कळलं नसतं, सर. तेव्हा मी कारखाना आतून पाहिलाच नव्हता.

---

जुनंसोलापूर | 8 जानेवारी, रात्री 11:40

हे उदाहरण मी वर्गात पस्तीस वर्षं साबणाच्या कारखान्याचं देत होतो, आणि साबणाचा कारखाना मीही कधी पाहिला नव्हता. आपण शिकलात, यात शंका नाही. लिहीत राहा.

---

हुतात्मा_एक्स्प्रेस | 9 जानेवारी, दुपारी 12:20

मूळचा सोलापूरचा, पुण्यात एका कंपनीत एचआरमध्ये. नोकरीच्या बाजूने थोडं.

सरकारी भरती, एमपीएससी, नेट (कॉलेजात प्राध्यापक होण्यासाठीची परीक्षा) यांना पद्धत आड येत नाही. नेटला पी.जी.ला 55 टक्के लागतात, राखीव गटांना 50, मग पदवी ऑनलाइन असो की कॉलेजची. खासगी कंपनीवर मात्र कुणाची सक्ती नाही. काही जण अजून नाक मुरडतात, यावर खोटं बोलण्यात अर्थ नाही. पण माझ्यासमोर वर लिहिलेलं वेस्टेजचं उदाहरण कुणी सांगितलं तर मी डिग्री कुठली ते शेवटी विचारेन. मुलाखतीला जाताना "नोकरी करत केलं" हे अभिमानाने सांगा. लपवलंत तर समोरच्याला शंका येते.

आणि अभिमत विद्यापीठाचं एमबीए, एमसीए असेल तर एआयसीटीईची मान्यताही बघा.

---

नवीपेठ | 9 जानेवारी, संध्याकाळी 6:10

ताई, परीक्षा कशी असते? घरून की सेंटरवर? कॅमेरा लावून असते म्हणतात, मला त्याचीच लई भीती वाटलालीय.

---

पूर्वभागातली | 9 जानेवारी, रात्री 10:55

विद्यापीठागणिक वेगळं. इग्नूसारख्या ठिकाणी सेंटरवर जाऊन कागदावर पेपर लिहायचा, असाइनमेंटला 30 टक्के आणि परीक्षेला 70. आमच्याकडे घरून, कॅमेरा आणि माइक चालू ठेवून. प्रवेशाआधी हे विचाराच, कारण माझं काय झालं ते ऐका.

आमच्या भिंतीपलीकडे शेजारच्यांचे चार माग आहेत. तो आवाज मला ऐकूच येत नाही, इतका तो घरातलाच झालाय. पण पहिल्या पेपरला सॉफ्टवेअरला तो ऐकू आला. वीस मिनिटांत स्क्रीनवर लाल पट्टी, "आजूबाजूला आवाज येत आहे". दहा मिनिटांनी दुसरी. त्यातच त्या दिवशी पाण्याचा वार. चार दिवसांनी येणारं पाणी, सासूबाई एकट्या, हंडा घेऊन माझ्या मागून गेल्या. तिसरी पट्टी, "खोलीत दुसरी व्यक्ती आहे". उठता येईना, बोलता येईना. हात थरथरत होते. 70 पैकी 34 मिळाले, तेही कसेबसे. बाहेर येऊन मी रडले, आणि सासूबाई माझ्यापेक्षा जास्त रडल्या, त्यांना वाटलं त्यांच्यामुळे मी नापास झाले.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकांना कळलं. ते दारात येऊन म्हणाले, "पोरी, आधी सांगायचं की. दोन तास माग बंद ठेवला तर काय बिघडतंय." खरं तर बिघडतं. माग बंद म्हणजे त्यांची मजुरी बंद. तरी बाकीच्या तिन्ही पेपरना त्यांनी चारही माग थांबवले. लग्न होऊन आल्यापासून त्या भिंतीपलीकडची शांतता मी पहिल्यांदा ऐकली. पंखा किती खडखडतो ते तेव्हा कळलं.

दुसऱ्या सेमिस्टरपासून पेपरला भावाच्या घरी जुळे सोलापूरला जाते. त्या काकांना दर वेळी निकाल आधी सांगते.

---

नवीपेठ | 9 जानेवारी, रात्री 11:10

वाचून डोळ्यात पाणी आलं ताई. मी सेंटरवालंच बघते.

---

मोहोळची | 11 जानेवारी, रात्री 12:15

ताई, मी 23 वर्षांची. गेल्या वर्षी बी.कॉम. झालं, सध्या सोलापुरात एका युनिफॉर्मच्या कारखान्यात बिलिंगला आहे, मामांकडे राहते. घरात लग्नाचं बघायलेत. बाबा म्हणतात पुढे शिकायचं तर लग्नानंतर नवऱ्याला विचार. माझ्याकडे लॅपटॉप नाही, फोनच आहे. मामांच्या घरात सहा माणसं, दोन खोल्या. तुम्ही म्हणालात टेबल आणि दीड तास. माझ्याकडे दोन्ही नाही. तरी प्रवेश घ्यावा का?

---

पूर्वभागातली | 11 जानेवारी, सकाळी 6:40

घे.

मी वर जे लिहिलं ते घर असलेल्या बाईच्या बाजूने लिहिलं, तुझ्या बाजूचा विचार केला नव्हता. ते चुकलंच माझं.

आता नीट सांगते. लेक्चर फोनवर ऐकता येतं, रेकॉर्ड केलेलं रात्री डाउनलोड कर, सिटी बसमध्ये ऐक. असाइनमेंट वहीत लिहून फोटो चालतात का ते विद्यापीठाला विचार, काही ठिकाणी चालतात. परीक्षा सेंटरवरची निवड, घरून नको. स्वयम या केंद्र सरकारच्या साइटवर फुकट कोर्स आहेत, आधी त्यातला एक महिनाभर करून बघ, झेपतंय का कळेल.

कागदपत्रांच्या मागे आजच लाग. डिजिलॉकरमधून एबीसी आयडी (आपल्या क्रेडिटच्या खात्याचा नंबर), मग डीईबीच्या साइटवर डीईबी आयडी. त्याशिवाय आता ऑनलाइन आणि दूरस्थला प्रवेश होत नाही. आधारवरचं आणि मार्कशीटवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का बघ. माझं आधारवर सासरचं, मार्कशीटवर माहेरचं होतं, विवाह नोंदणीचा दाखला जोडून महिनाभर पाठपुरावा करावा लागला. तू लग्नाआधी प्रवेश घेतलास तर एवढा एक त्रास तरी वाचेल.

आणि रविवारी दुपारी आमच्याकडे ये. दोन ते पाच. मुलं क्लासला असतात, सासूबाई असतात.

---

ग्रंथपाल | 11 जानेवारी, सकाळी 9:15

मोहोळच्या ताई, तुमच्या मामांच्या घराजवळ सार्वजनिक वाचनालय असेल तर संध्याकाळी तिथली अभ्यासिका बघा. महिन्याची फी फार नसते, टेबल आणि दिवा मिळतो. तुमच्या बाबांना एवढं सांगा. कोर्स ऑनलाइन असल्यामुळे लग्नानंतर दुसऱ्या गावी गेलात तरी ही पदवी सुटणार नाही, ती तुमच्या फोनबरोबर येईल.

---

होटगीरोडकर | 12 जानेवारी, रात्री 8:30

ताई, तुम्ही विचारलं होतंत, भाऊ 26 वर्षांचा आहे. काल हा सगळा धागा त्याला वाचायला दिला. वाचून काही बोलला नाही. पण आज सकाळी आधार आणि मार्कशीट घेऊन माझ्याकडे आला, "डीईबी आयडी काढून दे" म्हणाला.

---

पूर्वभागातली | 12 जानेवारी, रात्री 10:20

दादा, त्यालाही रविवारी पाठवा.

---

मोहोळची | 16 जानेवारी, रात्री 9:05

डीईबी आयडी आला. बाबा गड्ड्याच्या जत्रेला आले होते, होम मैदानावर त्यांना फोनवर दाखवला. म्हणाले, फी किती आहे ते सांग.

ताई, रविवारी येते. सासूबाईंना विचारा, पान कापायला शिकवतील का मला, माझी आजी कापायची.

---

पूर्वभागातली | 16 जानेवारी, रात्री 9:30

विचारलं. म्हणाल्या, आधी पुस्तकाची पानं होऊ देत. खुर्ची एकच आहे, शेजारच्या काकांकडून दुसरी आणून ठेवते.